सर्वानुमते मंजूर

९ जानेवारी, गुरुवार

उद्या 'रानवेल कोल्ड स्टोरेज'ची बोर्ड मीटिंग. मिनिट्स आज दुपारीच लिहून झाले. सभा व्हायच्या आधी सभेचा वृत्तांत कसा लिहिला, असं बाहेरचा कुणीही विचारेल. पण मी बावीस वर्षं या कंपनीचा सेक्रेटरी आहे आणि बावीस वर्षं असंच चाललंय. काय ठरवायचंय ते गंगाधरराव दोन दिवस आधी फोनवर सांगतात, मी लिहितो, सभेत तेच ठरतं. मग चहा होतो, हजेरीवर सह्या होतात आणि मंडळी पांगतात. प्रत्येक ठरावाखाली 'सर्वानुमते मंजूर' असतं. ते शब्द मला टाइपसुद्धा करावे लागत नाहीत, जुन्या फाइलमध्ये आयते असतात.

संचालक तीन. गंगाधरराव अध्यक्ष, त्यांचा मुलगा मयूर आणि स्वरदा. गंगाधरराव आणि स्वरदाचे वडील सुनील, या दोघांनी मिळून हे द्राक्षांचं शीतगृह उभं केलं. सुनील माझाही मित्र. तो जाऊन तीन वर्षं झाली आणि त्याची खुर्ची पोरीकडे आली. कारखान्याच्या परवान्यावर 'भोगवटादार' म्हणून एका संचालकाचं नाव लागतं, तेही सुनीलचं काढून तिचं लागलं. त्याचा अर्थ एवढाच, की तिथे काही बरंवाईट झालं तर सरकारची पहिली नोटीस तिच्या नावाने येणार. तेव्हा कागद मीच तयार केले होते. तिने वाचून सही केली. आमच्याकडे वाचून सही करणारी ती पहिलीच.

गंगाधरराव आणि सुनील यांचा एक दंडक होता. भांडायचं ते टेबलावर, वहीत एकच मत. बँक वही बघते, परदेशातले खरेदीदार बघतात, घरातली धुणी त्यांना कशाला. बावीस वर्षांत आमच्या वहीत एकही विरोध नाही. मला याचा अभिमान आहे, उगाच नाही कशाला म्हणू.

१० जानेवारी, शुक्रवार

सभा अकराला, द्वारका चौकातल्या ऑफिसात. पहिले तीन विषय दहा मिनिटांत उरकले. चौथा होता कॉम्प्रेसर रूमचा. तिथल्या अमोनियाच्या लाइनचा मुख्य वॉल्व्ह जुना झालाय, तो एप्रिलमध्ये हंगाम संपल्यावर बदलावा, असं मी काल लिहून ठेवलं होतं.

स्वरदाने फोनवरचे फोटो टेबलावर फिरवले. वॉल्व्हच्या मानेला गंज चढलाय. तिथला ऑपरेटर पुंजा रोज त्याला ओलं फडकं गुंडाळतो, वास मारतो म्हणून.

"पुंजा मला स्वतःहून सांगायला आला," ती म्हणाली. "बारा वर्षांत तो कधी काही सांगायला आलाय का?"

मयूर म्हणाला, "बारा वर्षं फडकंच गुंडाळतोय तो. हे बघ, वॉल्व्ह बदलायचा म्हणजे लाइन रिकामी करायची. दहा दिवस थंडी नाही. हंगाम तोंडावर आलाय, शेतकऱ्यांना मी शब्द दिलाय. त्यांची द्राक्षं काय झाडालाच ठेवू?"

"आत्ता बंद केलं तर दहा दिवस. फुटलं तर किती दिवस, ते सांग."

"तुला प्रत्येक गोष्टीत फुटलेलंच दिसतं."

दोघं लहानपणापासून एकमेकांना अरेतुरे करतात, म्हणून हे सगळं घरातल्यासारखं वाटतं. पण आवाज घरातले नव्हते. गंगाधरराव चष्मा काढून हातात फिरवत बसले होते. कधी नव्हे ते त्यांनी मला विचारलं, "गायधनी, तुम्ही इतकी वर्षं बघताय. तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणालो, "साहेब, मी संचालक नाही. मला मत नाही. मी फक्त लिहितो."

उत्तर चोख होतं. कायद्यानेही तेच बरोबर. ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले, मग चष्मा लावला आणि म्हणाले, "ठीक. एप्रिलमध्ये करू."

"मग माझा विरोध लिहा," स्वरदा म्हणाली. "नावासकट."

"लिहायचं काय त्यात, पोरी? तुझा बाप आणि मी याच टेबलावर किती वेळा हमरीतुमरीवर आलोय. वहीत आहे का एकदा तरी?"

"तेव्हा परवान्यावर माझं नाव नव्हतं, गंगाकाका."

चहा आला. जिन्यात तिने मला गाठलं. मी म्हणालो, "मी बघतो." हे वाक्य फार उपयोगी आहे, त्याने वेळ मारून नेता येते.

खरं सांगायचं तर पोरीचं म्हणणं मला पटलं होतं. पण पटणं हे माझं काम नाही.

११ जानेवारी, शनिवार

सकाळीच स्वरदाचा फोन. "काका, विरोध लिहिला ना?" मी म्हटलं, "होईल सगळं व्यवस्थित." नियमाप्रमाणे मिनिट्सचा मसुदा पंधरा दिवसांत सगळ्या संचालकांना पाठवायचा असतो. आमच्याकडे पाठवत नाहीत. खूप वर्षांपूर्वी एकदा पाठवला होता, तर गंगाधररावांनी विचारलं, "का हो, आमच्यावर विश्वास नाही?" तेव्हापासून कानाला खडा.

माझी बायको उज्वला म्हणते, मी फोनवर बोलताना हल्ली उभा राहतो. तिला भलत्या गोष्टी दिसतात.

२७ जानेवारी, सोमवार

मिनिट्स सहीला नेले. गंगाधरराव चौथ्या ठरावावर थांबले. "हिचं काय करायचं?"

मी म्हणालो, "आपली पद्धत आहे ती आहे."

त्यांनी सही केली. मी केलेला एकमेव बदल म्हणजे तारखेच्या पुढे राहिलेला स्वल्पविराम टाकला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

एका कागदावर शिक्का हवा होता म्हणून दिंडोरी रोडला शीतगृहावर गेलो. हंगाम भरात आहे. शेडमध्ये पन्नासेक बाया द्राक्षं निवडत होत्या, बहुतेक पेठ-सुरगाण्याकडच्या. पुंजाने मला कॉम्प्रेसर रूम दाखवली. मी मागितलं नव्हतं. आत शिरल्याबरोबर डोळ्यांत पाणी आलं. दाराशी स्वरदाने पाण्याचा नळ बसवून घेतलाय आणि डोळ्यांना लावायचे बंद चष्मे टांगून ठेवलेत. मी लगेच बाहेर आलो. पुंजाला सवय आहे, तो आत थांबला.

तिथला मॅनेजर कावलाय. परवा स्वरदाने सांगितलं, दोन नंबरची खोली बंद ठेवा, लाइनवरचा भार कमी होईल. त्याने बंद ठेवली. दुपारी मयूर आला आणि ती चालू करून गेला. संध्याकाळी स्वरदाचा फोन, कुणाला विचारून चालू केली? "साहेब, दोन संचालकांची दोन तोंडं. मी कुणाचं ऐकू?" मी म्हणालो, बोर्डाचं. तो म्हणाला, "बोर्ड म्हणजे हेच दोघं ना?" चांगला माणूस आहे, पण जरा जास्त बोलतो.

मयूर आणि स्वरदा आता एकमेकांशी बोलत नाहीत, मला निरोप देतात. मी दोघांचेही निरोप जसेच्या तसे पोचवतो. त्यात मी कुणाची बाजू घेतलेली नाही.

निघताना गाडीत द्राक्षांची पेटी ठेवलेली होती. दरवर्षी असते. यंदा गोडी चांगली आहे.

११ मार्च, मंगळवार

सकाळी नऊ चाळीसला वॉल्व्ह मानेतून फुटला.

मला साडेदहाला कळलं. शेडमधल्या बायांना मागच्या दाराने बाहेर काढलं. दोघी चक्कर येऊन पडल्या, त्या आता ठीक आहेत. मागचा वॉल्व्ह बंद करायला पुंजा आत गेला. बंद करून बाहेर आला तेव्हा चष्मा कपाळावर सरकलेला होता, असं मॅनेजर म्हणाला. त्याला नळाखाली धरला. आता दवाखान्यात आहे.

बाकी लिहिण्यासारखं काही सुचत नाही.

१३ मार्च, गुरुवार

कंपनीतर्फे कुणी तरी जायला हवं होतं, म्हणून दवाखान्यात गेलो. पुंजाच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. डाव्याची आशा आहे, उजव्याचं डॉक्टर सांगत नाहीत. त्याची बायको भागीबाई कॉटच्या पायथ्याशी खाली बसली होती. माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवलं.

"बाईनी सांगलं व्हतं ना, मशीन बंद करा म्हून," ती म्हणाली. "ह्यो घरी येऊन बोलला व्हता, आता बदलत्यात म्हून. मंग नाय कोन म्हनलं?"

मी म्हणालो, बोर्डाने ठरवलं.

"बोर्ड म्हंजी कोन?"

मी म्हणालो, "सगळ्यांनी मिळून."

"बाईनी पन?"

मी घड्याळ बघितलं. पट्ट्यांच्या आतून पुंजा म्हणाला, "साहेबाला त्रास नको देऊ. ते लिहायचं काम करत्यात." मला तिथून निघावंसं वाटलं आणि मी निघालो. स्टूल परत भिंतीला लावायचं राहिलं.

१७ मार्च, सोमवार

नोटीस आली. अपेक्षेप्रमाणे स्वरदाच्या नावाने, भोगवटादार म्हणून. धोका माहीत असताना यंत्र चालू का ठेवलं, खटला का भरू नये, असा मजकूर. सोबत बोर्डाच्या मिनिट्सची प्रमाणित प्रत मागितली आहे. प्रमाणित करायची मी.

मयूरने मला बाहेर पार्किंगमध्ये घेतलं. "गायधनी काका, चौथ्या ठरावाखाली सर्वानुमते आहे ना?"

"आहे."

"आणि हजेरीवर तिची सही आहे."

"आहे."

"बस मग. मी काही तिच्या वाईटावर नाही. पण सगळ्यांनी मिळून ठरवलं तर सगळ्यांनी मिळून निस्तरू. ती एकटी कशी बाजूला होणार? चांगला वकील देऊ तिला."

त्याचं बोलणं ऐकायला वाजवी वाटत होतं. घरी येईपर्यंत मला ते वाजवीच वाटत होतं. परवान्यावर नाव तिचं एकटीचं आहे, हे मला इंदिरानगरच्या बोगद्यात सिग्नलला थांबलो तेव्हा आठवलं. आठवलं म्हणजे काय, माहीतच होतं.

१८ मार्च, मंगळवार

स्वरदा घरी आली. मी प्रत तिच्यासमोर ठेवली. तिने चौथा ठराव वाचला, मग पान उलटून पुन्हा तारीख पाहिली.

"काका, हे कुठल्या मीटिंगचं आहे?"

"दहा जानेवारीचं."

"मी होते का त्या मीटिंगला?"

ती आवाज न चढवता बोलत होती, तेच मला जास्त बोचत होतं. वकिलाने तिला सांगितलंय, विरोध वहीत असेल तर तिची बाजू उभी राहते. नसेल तर तिने तोंडाने काहीही सांगितलं तरी ती पश्चातबुद्धी ठरेल. दोन वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकते. तिचा मुलगा दुसरीत आहे.

"गंगाकाका लिहू देणार नाहीत, हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "पण तुम्ही 'बघतो' म्हणालात, म्हणून मी वेगळं पत्र दिलं नाही. मला वाटलं, काका आहेत."

ती गेल्यावर उज्वला स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "तुमच्या क्षेत्रोपाध्यायांच्या घरात पंचवटीत पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंच्या नामावळ्या आहेत. लग्न होऊन आले तेव्हा मामंजींनी मला दाखवल्या होत्या. प्रत्येक यजमान स्वतःच्या हाताने लिहितो, कोण आलो, कुणाचा मुलगा. एका पानावर दोन भाऊ होते. एकाने लिहिलं होतं वाटणी झाली, खाली दुसऱ्याने लिहिलं होतं झाली नाही. मी विचारलं, यातलं खरं कोणतं? मामंजी म्हणाले, ते आपण ठरवायचं नसतं, दोघांनाही लिहू द्यायचं असतं."

मी म्हणालो, ती धार्मिक बाब आहे, ही कंपनी कायद्याची.

"बरं," म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

२० मार्च, गुरुवार

दोन दिवस काही सुचत नाही. मला भीती वाटते आहे, हे इथे तरी लिहायला हरकत नाही. खरं सांगितलं तर खोटे मिनिट्स लिहिल्याबद्दल माझ्या व्यवसायाच्या सर्टिफिकेटवर गदा येईल. एकसष्टाव्या वर्षी पेपरात नाव. नाही सांगितलं तर काहीच होणार नाही. वहीवर सही अध्यक्षांची आहे, माझी नाही.

मी नेहमी समजत आलो, की मी कुणाचीच बाजू घेत नाही. परवापासून एक हिशेब जुळत नाही. तीन माणसं बोलली, त्यांतल्या दोघांचं मी लिहिलं आणि एकीचं गाळलं. हे जर बाजू घेणं नसेल तर मग बाजू घेणं म्हणजे काय, ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

गंगाधररावांचा फोन आला होता. मी घेतला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

२४ मार्च, सोमवार

नोटीस काढणाऱ्या तपास अधिकाऱ्यांकडे जाऊन आलो. तरुण मुलगी आहे, फार तर तिशीची. मी लेखी जबाब दिला. सभेत स्वरदाने विरोध केला, नावासकट लिहायला सांगितलं, मी लिहिला नाही. मसुदा कुणालाच पाठवला नाही.

ती म्हणाली, "हे आता कशावरून खरं मानायचं? तुम्ही त्यांच्या वडिलांचे मित्र आहात."

मी लॅपटॉप उघडून फाइल दाखवली. शेवटचा मोठा बदल नऊ जानेवारी, दुपारी तीन दहा. नंतर फक्त सत्तावीसला एकदा उघडलेली. "सभा दहाला होती," मी म्हणालो. "चौथा ठराव सर्वानुमते झाला, असं मी तो होण्याच्या आदल्या दिवशी लिहिलं."

तिने दोनदा तारीख वाचली. मग विचारलं, "असे किती मिनिट्स?"

"बावीस वर्षांचे."

तिने ते लिहून घेतलं. वाचून दाखवलं. मी सही केली. मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. भूक मात्र लागली होती, द्वारकेला उतरून मिसळ खाल्ली.

संध्याकाळी स्वरदाला फोन केला. ती म्हणाली, "वकिलाने कळवलं." मग म्हणाली, "पुंजाचा उजवा डोळा गेला, काका. आज सांगितलं त्यांनी." आभार तिने मानले नाहीत. कशाचे मानायचे होते.

२६ मार्च, बुधवार

सकाळी दहाला गंगाधरराव आले. एकटेच, रिक्षाने. मला वाटलं चिडून आले असतील. मी मनात उत्तरं जुळवून ठेवली होती. ते पंख्याखाली बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "जबाब दिलात ते बरं केलंत. मीही देणार आहे. परवान्यावर आता माझं नाव लावून घ्या. मयूरला बोर्डावरून उतरवतोय, ते त्याला अजून सांगितलेलं नाही."

मी म्हटलं, माझ्या जागी तुम्हाला दुसरा सेक्रेटरी बघावा लागेल.

"बघू." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "गायधनी, त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो. मी म्हणालो, मला मत नाही."

"मला वॉल्व्हचं कळत नव्हतं अशातला भाग नाही. फोटो बघितला तेव्हाच वाटलं होतं, हा एप्रिलपर्यंत टिकत नाही. पण समोर पोरगा बसलेला. शेतकऱ्यांना शब्द देऊन आलेला. तिचं ऐकून त्याला सगळ्यांदेखत खाली पाडायचं मला जमेना. सुनील असता तर त्याने मला शिव्या देऊन बंद करायला लावलं असतं. तो नाही, म्हणून मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही नुसतं 'बंद करा साहेब' म्हणाला असतात ना, तर मी मयूरला म्हणालो असतो, बघ, गायधनीही तेच म्हणतात. आणि त्याच दिवशी बंद केलं असतं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मीटिंगमध्ये पुढचा विषय सांगावा तसं सांगितलं त्यांनी. मग उठले. उज्वला चहा घेऊन आली तेव्हा ते चपला घालत होते.

ते गेल्यावर तिने विचारलं, "काय म्हणाले?"

मी म्हणालो, "काही नाही."

ती ट्रे घेऊन आत गेली. मी तिला हाक मारून परत बोलावलं, समोर बसवलं आणि ते काय म्हणाले ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता तिला सांगितलं.